हॅलिबट घराण्याची टोपी

१

सकाळी पेटारा उघडला तेव्हा आत टोपी नव्हती.

मी अगदी शेजारी उभा होतो. आदल्या दिवशी फेरीबोटीतून तो पेटारा खांद्यावरून आणणाऱ्या चौघांत मी एक, आणि उघडताना उचलणाऱ्यांनी हजर असायचं असतं. म्युझियमच्या इन्ग्रिडबाईंनी कुलूप काढलं आणि झाकण वर केलं. पांढऱ्या फोममध्ये त्या कोरीव लाकडी टोपीच्या आकाराचा खळगा तेवढा होता. झाकणाच्या आतल्या बाजूला कोणीतरी कोळशानं पंख पसरलेला एक मोठा पक्षी काढून ठेवला होता.

सभागृहात गाव भरलं होतं. एका बाजूला हॅलिबट घराणं आणि त्यांची कावळ्याकडची सगळी मंडळी, समोर आम्ही गरुडवाले. अलास्कातल्या आम्हा लिंगिट लोकांत कावळा आणि गरुड अशा दोन बाजू, आणि त्यांनी समोरासमोर असंच बसायचं. यांच्या घरचं मरण, यांचं ओझं, यांचं घर बांधणं, सगळं आम्ही समोरच्यांनी करायचं आणि मग त्यांनी आमचे आभार मानायचे. म्हणून टोपी हॅलिबटांची आणि पाठ मोडली माझी. पेटाऱ्याची मागची बाजू इतकी जड होती की गोदीपासून इथपर्यंत मी सगळ्या पूर्वजांची नावं घेतली. पुढच्या बाजूला असलेला सायरस मात्र शीळ वाजवत चालला होता.

पक्षी पाहिल्याबरोबर कावळ्यांच्या बाकांवरून कुजबूज सुरू झाली.

"गरुड काढलाय," कोणीतरी म्हणालं. "सही करून गेलेत की."

"आम्ही?" सायरस ताडकन उठला. "तुमचं ओझं वाहायचं आणि वर चोरही आम्हीच?"

आमच्या हेमलॉक पॉइंट गावात ही दोन वाक्यं म्हणजे पुढची वीस वर्षं एकमेकांच्या घरचं न जेवण्याची तयारी. माझी तर पंचाईतच. मी गरुड, बायको हॅलिबट, आणि आमच्यात पोरं आईच्या घराण्याची, त्यामुळे माझा मुलगा लोवेल हॅलिबट. आज ती टोपी त्याच्याच डोक्यावर चढायची होती.

तेवढ्यात हॉल्डेनसाहेब पुढे आले. म्युझियमचे उपसंचालक. राखाडी सूट, छातीवर म्युझियमचं चिन्ह असलेली पिन, बोलणं असं की शिवी दिली तरी आभार मानावेसे वाटतील.

"मंडळी, कृपया शांत व्हा," ते म्हणाले. "चित्राचा अर्थ मला दुर्दैवानं स्पष्ट दिसतो आहे. पक्षी आपल्या घरट्यात परतला, असंच कोणाला तरी सांगायचं आहे. काचेच्या कपाटाच्या अटीला इथे कोणी विरोध केला होता, हे आपण सगळे जाणतो."

सगळ्या माना लोवेलकडे वळल्या.

२

विरोध केला होता हे खरंच. म्युझियम टोपी परत देत नव्हतं, उसनी देत होतं. दहा वर्षांसाठी. ती काचेच्या कपाटात ठेवायची, डोक्यावर घालायची नाही, नाचवायची नाही, त्यांचा माणूस येऊन दमटपणा मोजून जाणार. आमच्याकडे वर्षातले बहुतेक दिवस पाऊस, आणि हे दमटपणा मोजणार. ग्रामसभेत लोवेल ओरडला होता, "टोपी घालायची नसते तर तिला टोपी का म्हणायचं? ही अट मी पाळणार नाही, आत्ताच सांगतो." पोरगा बापावर गेलाय, तोंड आवरत नाही.

हॉल्डेननी मोजक्या शब्दांत सांगितलं ते असं: धुकं उठलं की पोलिसांचं विमान जुनो शहरातून येईल, लोवेलला त्यांच्या ताब्यात द्यायचं. पेटारा म्युझियमची मालमत्ता, तो संध्याकाळच्या फेरीबोटीनं परत जाईल. आणि आमच्या गावच्या बाकीच्या वस्तू, ज्या यानंतर यायच्या होत्या, त्यांचा विषय संपला.

"ज्यांना एक रात्र सांभाळता आली नाही..." असं म्हणून त्यांनी वाक्य सभ्यपणे अर्धं सोडलं.

पुढच्या खुर्चीत बर्निसमावशी बसली होती. नव्वदी ओलांडलेली, माझ्या बायकोच्या आईची बहीण. ती सहा वर्षांची होती तेव्हा एका उन्हाळ्यात गाव नेहमीसारखं मासेमारीच्या तळावर गेलं आणि एक गोरा माणूस बोट घेऊन आला. घरं रिकामी दिसली, म्हणून गाव ओसाड आहे असं त्यानं लिहून टाकलं आणि टोपी उचलून नेली. मावशीचा भाऊ एझ्रामामा आयुष्यभर टोपीची वाट बघत गेल्या वर्षी गेला. त्याच्या वर्षश्राद्धाची ही मेजवानी. टोपी त्याच्या वारसाच्या डोक्यावर चढल्याशिवाय घराण्याचं सुतक उतरणार नव्हतं, आणि मावशीनं सगळ्यांना बजावलं होतं की ते उतरवल्याशिवाय मी मरणार नाही, मला घाई करू नका.

ती आता रिकाम्या खळग्याकडे बघत होती. मला तिच्याकडे बघवेना.

"विल्बर," मागून आवाज आला, "तोंड मिट आणि चल माझ्याबरोबर."

ही डेल्फीनताई, माझ्या बायकोची थोरली बहीण. जुनोला पोलिसात गुन्हे शोधण्यात तिची हयात गेली, निवृत्त होऊन गावी आली, आणि आता विणकाम करते. म्हणजे सुया हातात असतात, पण स्वेटर कधी पुरा झालेला कोणी पाहिला नाही.

"विमान येईपर्यंत वेळ आहे ना?" तिनं हॉल्डेनना विचारलं.

"अर्थात. पण आपण आरोपीच्या मावशी आहात असं ऐकतो."

"मी अर्ध्या गावाची मावशी आहे. चोर बहुधा माझाच भाचा निघेल. नाही निघाला तर मात्र त्याची धडगत नाही."

३

इन्ग्रिडबाई बर्निसमावशीच्या घरी उतरल्या होत्या. जुन्या वस्तूंची डागडुजी, निगराणी हे त्यांचं काम, नोकरीला लागून वर्षच झालेलं. त्या स्वयंपाकघरात बसल्या. माझ्या बायकोनं पुढे तळलेला पाव आणि चहा ठेवला. त्यांनी दोन्हीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"किल्ल्या किती?" ताईनं विचारलं.

"दोन. एक साहेबांकडे, एक माझ्याकडे. माझी इथे खिळ्याला टांगली होती." त्यांनी चुलीच्या बाजूला बोट केलं. "चूक झाली माझी. इथे कोणीच कुलूप लावत नाही, मला वाटलं..."

"बरोबरच वाटलं. लोवेल कुठे झोपला होता?"

"पलीकडच्या खोलीत."

मी मनातल्या मनात लोवेलला दोन शिव्या घातल्या. स्वतःचं घर चार पावलांवर असताना मावशीकडे झोपायची काय गरज होती?

"आता काल संध्याकाळचं सांगा. टोपी बाहेर काढली तेव्हा काय झालं?"

बाईंच्या चेहऱ्यावर त्याही अवस्थेत थोडं हसू आलं, आणि मलाही आलं, कारण ती गंमत मी पाहिली होती. सगळा गाव सभागृहात जमला होता. बाईंनी हातमोजे घालून टोपी उचलली आणि म्युझियममधल्यासारखी स्टँडवर ठेवली. म्युझियममध्ये तिच्याखाली पाटी होती, 'सूर्यपक्ष्याची टोपी, ओसाड गावातून मिळालेली.' तो सूर्यपक्षी म्हणे त्यांच्याकडे फार लाडका, त्यांच्या कपांवर आणि पिशव्यांवर तोच छापलेला असतो. बर्निसमावशी बराच वेळ बघत राहिली. मग उठली, टोपी दोन्ही हातांनी धरली आणि सरळ फिरवून ठेवली.

"मावशी म्हणाल्या," इन्ग्रिडबाई सांगू लागल्या, "'बाई, हा हॅलिबट मासा आहे. दोन्ही डोळे एकाच बाजूला, ते बघ. एवढी वर्षं तुम्ही लोकांना आमच्या माशाची शेपूट दाखवलीत.' शेपटीचे दोन फाटे म्हणजे आम्हाला पंख वाटत होते. मी इतकी हसले की रडायला आलं. आणि मग खरंच रडायला आलं. पत्रात तुम्ही लोक टोपीचं आणि घराण्याचं नाव तुमच्या भाषेत लिहीत होतात. आमच्याकडे कोणी अर्थ विचारलाच नाही."

"कोण कोण होतं तेव्हा?"

"सगळे. लोवेल होते, ते टॉलिव्हर म्हणून पाहुणे आले आहेत ते होते. साहेब नव्हते. त्यांना बोट लागली होती, ते शिक्षकांच्या क्वार्टर्समध्ये पडून होते. आज सकाळी मी त्यांना सांगणार होते, पण बोलायला वेळच झाला नाही. नंतर टोपी पेटाऱ्यात ठेवून मी स्वतः कुलूप लावलं."

ताईनं चार टाके विणले. मग अचानक म्हणाली, "टोपी घालायची नाही, ही अट कोणाची? तुमची?"

बाई खाली बघू लागल्या. "अहवाल मीच लिहिला होता. घाम, धूर, पाऊस, यानं लाकूड खराब होतं. मला ती वाचवायची होती."

आम्ही बाहेर पडलो. "हिच्याकडे किल्लीही आहे आणि कारणही," मी म्हणालो. "नाव हिचंच घ्यायचं का?"

"नावं घ्यायची घाई तुला. आधी तो टॉलिव्हर बघ," ताई म्हणाली. "सभागृहाच्या मागच्या दारातून पिशवी छातीशी धरून कुठे चाललाय तो?"

४

ऑग्डेन टॉलिव्हर परवाच्या बोटीनं आला होता. जुने मुखवटे विकत घेतो, असं त्यानं दुकानात सांगितलं होतं, त्यामुळे गावात त्याला कोणी कॉफीही विचारली नव्हती. मी त्याला वाटेत गाठलं तेव्हा त्याची पाचावर धारण बसली.

"पिशवीत काय आहे?" मी विचारलं.

"खाजगी आहे."

"आज या गावात खाजगी काही नाही," ताई म्हणाली. "उघडा."

मी मनात म्हणत होतो, टोपी असू दे, फक्त टोपी असू दे, या माणसाला मी मिठी मारीन. त्यानं पिशवी उघडली. आत लोकरीच्या कापडात गुंडाळलेला, रानबकऱ्याच्या शिंगाचा एक चमचा होता. दांड्यावर कोरलेला मासा, दोन्ही डोळे एका बाजूला.

"माझ्या आजोबांचा," टॉलिव्हर म्हणाला. "म्हणजे त्यांचा नव्हेच. टोपी नेणारा माणूस म्हणजे माझे आजोबा. हा चमचा त्यांनी म्युझियमला न देता घरी ठेवला. लहानपणी यातून मी साखर खाल्लीय. परत द्यायला आलोय, पण दोन दिवस झाले, कोणाला काय म्हणून सांगू तेच समजत नाही. मुखवटे घेतो असं तोंडाला येईल ते बोलून बसलो."

ताईनं चमचा हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि त्याला परत दिला.

"बर्निसमावशीच्या हातात द्या. भाषण करू नका. ती जेवायला बसवेल, तेव्हा पोटभर जेवा. ताटात टाकलंत तर मात्र ती तुम्हाला माफ करणार नाही."

म्हणजे टॉलिव्हर बाद. मग राहिला माझा मुलगा.

लोवेल बोटी ओढून ठेवतात तिथे एका उलट्या होडीवर बसला होता. सायरस आणि आणखी दोघे जरा दूर पहारा देत होते, आणि आपण पहारा देत नाही असं दाखवत होते.

"रात्री कुठे होतास?" ताईनं विचारलं.

"घरात."

"तुझ्या बुटांना दफनभूमीतली लाल माती आहे."

त्यानं पाय मागे ओढून घेतले. शेवटी मीच वैतागलो. "अरे बोल ना लेका. विमान येतंय, आणि तू मुकाट बसतोस?"

"एझ्रामामांजवळ बसलो होतो," तो म्हणाला. "भीती वाटत होती, बाबा. ती टोपी घालायची लायकी आहे का आपली, विचारायला गेलो होतो. आता हे साऱ्या गावाला सांगू?"

अडतीस वर्षांचा धिप्पाड कोळी, वादळात एकटा बोट आणणारा. मी त्याच्या शेजारी बसलो. त्याच्या पाठीवर हात ठेवला तेवढा.

"साक्षीदार कोणी नाही," ताई म्हणाली. "एझ्रामामा सोडून."

आणि तेवढ्यात वर ढगांत विमानाची घरघर ऐकू आली.

५

विमान दोनदा घिरट्या घालून परत गेलं. धुकं अजून दाट होतं, उतरता येईना. आमच्या हवामानाचे मी जन्मात पहिल्यांदा आभार मानले. पण त्याच धुक्यातून फेरीबोटीचा भोंगा वाजला, आणि हॉल्डेनसाहेबांनी पेटारा हलवायला काढला. झाकण बंद, कुलूप लावलेलं. बोटीवरची दोन माणसं त्यांनी हातगाडी घेऊन आधीच बोलावून ठेवली होती.

"तुम्हाला आणखी त्रास नको," ते आम्हाला म्हणाले. "आजचा दिवस आपल्याला पुरेसा कठीण गेला आहे."

खरं सांगतो, मला बरं वाटलं. कंबर अजून ठणकत होती. पण डेल्फीनताई दारात आडवी उभी राहिली.

"तसं चालत नाही, साहेब. ज्यांनी आत आणला त्यांनीच बाहेर न्यायचा. उचलणारे बदलले तर आम्हाला त्यांची क्षमा मागावी लागते, त्यांना भेटी द्याव्या लागतात. तुम्ही देणार?"

"रिकामी पेटी आहे ती."

"मग तर काहीच प्रश्न नाही. विल्बर, सायरस, या."

हॉल्डेननी घड्याळ पाहिलं, बोटीकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्यांचं वाक्य गुळगुळीत निघालं नाही. "माझी... माझी हरकत आहे."

"नोंदवून ठेवते," ताई म्हणाली.

मी माझ्या जागेवर गेलो, मागची उजवी बाजू. गुडघे वाकवले, पूर्वजांना हाका मारायची तयारी केली, दात ओठ खाऊन जोर लावला, आणि पेटारा असा वर आला की मी मागच्या मागे बाकावर जाऊन आदळलो. सगळं सभागृह हसलं. गरुडही हसले, कावळेही हसले. सकाळपासून दोन्ही बाजू पहिल्यांदाच एकत्र हसल्या होत्या, आणि तेही माझ्यावर.

"म्हातारा झालास," सायरस म्हणाला.

"म्हातारा नाही रे. हलका झालाय पेटारा."

"टोपी गेली ना आतली," कोणीतरी म्हणालं.

"टोपी?" मी कंबर चोळत म्हणालो. "काल बर्निसमावशीनं ती एकटीनं उचलून फिरवली. तेवढ्यानं माझी बाजू अशी हलकी होते होय? काल माझ्या पाठीत कळ आली होती. आज सायरसची बाजू आणि माझी बाजू सारखी आहे."

बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की हसू थांबलंय. ताईनं विणकामाच्या सुया पिशवीत ठेवल्या. तिला तसं करताना मी आजवर पाहिलं नव्हतं.

"पेटारा खाली ठेवा," ती म्हणाली. "आणि दार लावून घ्या."

६

"इन्ग्रिडबाई, पेटाऱ्याच्या मागच्या अंगाला जड असं काय असतं?"

"ट्रे," त्या म्हणाल्या. "फोमखाली एक कप्पा आहे. त्यात ओलावा शोषणाऱ्या खड्यांचे ट्रे असतात, चांगले वजनदार."

"ते कोणी काढले?"

"काढायचं कारणच नाही. त्यांना कोणी हात लावत नाही."

"कोणीतरी लावला," ताई म्हणाली. "आता सगळ्यांनी माझ्याबरोबर विचार करा. चोर टोपी न्यायला येतो. टोपी घेऊन तो जाईल. खाली दडलेले जड ट्रे तो कशाला नेईल? त्याला ट्रे नको होते, त्याला ट्रेची जागा हवी होती. टोपी या पेटाऱ्यातून बाहेर गेलेलीच नाही. ती एक मजला खाली उतरली आहे. आणि हा रिकामा पेटारा, ज्याला आता कोणी तपासणार नाही, आजच्या बोटीनं म्युझियमच्या दारात जाऊन उभा राहणार होता. गावावर डाग राहील, करार मोडेल आणि टोपी पुन्हा तळघरात."

ताईनं पेटाऱ्याच्या झाकणावर हात ठेवला.

"त्या कप्प्याची माहिती दोघांनाच. दोघांकडे किल्ली. बाई आणि साहेब."

इन्ग्रिडबाईंचा चेहरा पांढरा पडला. ती बाई तर मला आवडली होती.

"मग त्या पक्ष्याचं बघू," ताईनं बंद झाकणाकडे बोट केलं. "सकाळी हा दिसला तेव्हा आपण सगळ्यांनी काय म्हटलं? गरुड. चोरानं गरुडवाल्यांचं नाव घातलं म्हणून आपण आपसात भांडायला उठलो. टोपीवर पक्षी आहे असं इथल्या एकाही माणसाच्या मनात आलं नाही. कसं येईल? ती माशाची टोपी. काल संध्याकाळपासून तर पाहुण्यांनाही ते माहीत झालं. बाईंना माहीत, टॉलिव्हरना माहीत. मग हा पक्षी काढणारा कोण? ज्याला अजूनही वाटतं की टोपीवर पक्षी आहे, तो. सकाळी एकाच माणसानं या चित्राचा वेगळा अर्थ लावला. काय म्हणालात हो साहेब? 'पक्षी आपल्या घरट्यात परतला.'"

हॉल्डेनचा हात आपोआप छातीवरच्या पिनेकडे गेला. त्या पिनेवर सूर्यपक्षी होता. म्हणजे आमच्या माशाची शेपूट.

"काल संध्याकाळी तुम्ही इथे असतात तर चुकला नसतात," ताई म्हणाली. "पण तुम्हाला बोट लागली होती. लोवेल हे करता तर त्यानं मासा काढला असता. किंवा काहीच काढलं नसतं, त्याला चित्र काढता येत नाही. इन्ग्रिडबाई, उघडा."

बाईंनी कुलूप काढलं, झाकण उघडून फोम उचलला, खालची फळी सरकवली. पांढऱ्या कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी हातमोजे घालायला खिशात हात घातला, मग तसाच बाहेर काढला आणि मावशीकडे वळल्या.

"मावशी, तुम्हीच उघडा."

कागद बाजूला झाला आणि आमच्याकडे एकाच बाजूचे दोन डोळे बघू लागले. सभागृहातून जो आवाज उठला तो मी काय सांगू. म्हातारी माणसं बाकांवर काठ्या आपटत होती. लोवेलनं तोंड ओंजळीत लपवलं. सायरस आणि त्याच्यावर सकाळी आरोप करणारा माणूस एकमेकांच्या गळ्यात पडले, आणि पुढे दोघांनीही असं झालंच नाही म्हणून सांगितलं.

ट्रे नंतर क्वार्टर्समध्ये साहेबांच्या पलंगाखाली मिळाले.

हॉल्डेन पळाले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. ताठ उभे राहिले. "मी तिला वाचवत होतो," ते म्हणाले. "इथे धूर आहे, पाऊस आहे. घामानं, हाताळण्यानं ती दहा वर्षांत नष्ट होईल. मी वीस वर्षं तिची काळजी घेतली आहे. माझ्याइतकं तिला कोणी ओळखत नाही."

बर्निसमावशी सकाळपासून पहिल्यांदा बोलली.

"पोरा," ती म्हणाली, "तुला तिचं तोंड कुठलं हे माहीत नव्हतं."

साहेब खाली बसले.

७

ताईनं म्युझियमच्या संचालिकेला फोन लावला आणि तो ध्वनिक्षेपकापाशी धरला, म्हणजे सगळ्या गावाला ऐकू जाईल. काय घडलं ते तिनं सांगितलं, एकही विशेषण न लावता. मग इन्ग्रिडबाईंनी फोन घेतला.

"मी साक्ष देईन," त्या म्हणाल्या. "आणि टोपी घालू नये असा अहवाल मी लिहिला होता, तो मागे घेते. ती माझी चूक होती."

"तुमची मागणी काय आहे?" संचालिकेनं पलीकडून विचारलं.

"मागणी नाही," ताई म्हणाली. "धुकं उठलं की पोलीस येतील. त्यांना मी जे घडलं ते सांगणार, ते टळणार नाही. उद्या वर्तमानपत्रवाले येतील. त्यांनी विचारलं की टोपी कोणाची, तर तुमच्या वतीनं मी काय उत्तर देऊ, तेवढं सांगा."

बाहेर बोटीनं दुसरा भोंगा दिला.

"त्यांची," संचालिका म्हणाल्या. "हॅलिबट घराण्याची. उसनी नाही आणि अटही नाही. कागद मी आजच पाठवते."

"आणि बाकीच्या वस्तू?"

"त्याही."

"त्या पाठवताना पाट्या ठेवून घ्या," बर्निसमावशी खुर्चीतून म्हणाली. "पाट्या आम्हाला नकोत."

बोट पेटारा न घेताच गेली. साहेब क्वार्टर्समध्ये पोलिसांची वाट बघत बसले, आणि माझ्या बायकोनं त्यांना तिथे जेवण पाठवलं. मी कुरकुरलो, तर म्हणाली, मेजवानीच्या दिवशी गावात कोणी उपाशी राहत नाही. टॉलिव्हर मावशीच्या बाजूला बसून हेरिंग माशाची अंडी सीलच्या तेलात बुडवून खात होता, डोळ्यांत पाणी, पण ताट पुसून साफ.

मग काम माझं होतं. टोपी त्यांची, पण ती त्यांच्या डोक्यावर त्यांनी ठेवायची नसते. समोरच्या बाजूनं ठेवायची. गरुडांनी मला पुढे ढकललं.

मी ती उचलली. लाकूड गुळगुळीत होतं, आतून काळपट, कितीतरी जणांच्या घामानं. लोवेल माझ्यासमोर उभा होता, खांद्यावर लाल काळं पांघरूण, त्यावर शिंपल्याची बटणं. डोकं त्यानं खाली झुकवलं. मी हॅलिबटचं तोंड पुढे केलं आणि टोपी माझ्या मुलाच्या डोक्यावर ठेवली.

"जड आहे का रे?" मी हळूच विचारलं.

"नाही, बाबा," तो म्हणाला. "बसली."

डफ सुरू झाले. आधी रडण्याची गाणी झाली, एझ्रामामाचं नाव घेऊन, आणि हॅलिबट घराणं मोकळेपणानं रडलं, आईपासून लेकरापर्यंत. वर्षभर अडवून धरलेलं सगळं. आम्ही समोरून त्यांना धीर देणारी गाणी म्हटली, जशी म्हणायची असतात. लोवेल टोपी घालून नाचला. मासा तळाशी वळतो तशी त्यानं मान वळवली, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि ते दोन डोळे सगळ्या सभागृहावरून फिरले.

डफ थांबले तेव्हा बर्निसमावशी उठली. दोघी भाच्या धरायला धावल्या, तिनं त्यांना हातानं दूर सारलं. तिनं डोक्याला बांधलेली सुतकाची काळी पट्टी सोडली, घडी घातली आणि खिशात ठेवली.

"एझ्रा," ती म्हणाली, "आमचं रडणं इथे संपलं."

मग आम्हा गरुडांकडे वळून तिनं दोन्ही हात वर केले. "बघता काय? जेवण गार होतंय. आणि कोणीतरी हसायचं गाणं म्हणा."